मोडक्या पडद्यांचा निवाडा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या या व्याख्यानमालेत माझ्याआधी बोलून गेलेल्या विद्वान वक्त्यांनी संतवाङ्मय, मराठी रंगभूमी, दिल्लीतील मराठ्यांचा इतिहास असे भारदस्त विषय मांडले. त्यांच्या पंक्तीला मी संगणकाचे मोडके पडदे घेऊन बसावे, हे काहीसे विनोदी दिसेल याची मला कल्पना आहे. शिवाय मी अभियंता नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायलींवर शेरे लिहिण्यात घालविली आहेत. तरीही हा विषय मी आग्रहाने मागून घेतला. त्याला एक निमित्त घडले, आणि त्या निमित्तामागे एक जुनी टोचणी आहे. ती आज आपणांपुढे मोकळी करावी, असा मानस आहे.

निमित्त असे. आपल्या ग्रंथालयामागील खोली आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली आहे. सन २००३ मध्ये मंडळाने मुलांसाठी संगणक वर्ग सुरू केला, तो सात-आठ वर्षे उत्तम चालला. पुढे घरोघरी संगणक आले आणि वर्ग ओस पडला. वर्गातले पडदे, ज्यांना आपण सर्रास मॉनिटर म्हणतो, त्या खोलीत गेले. नंतर सभासदांनीही आपापल्या घरचे बिघडलेले मॉनिटर ‘मंडळाला उपयोगी पडतील’ म्हणून तेथेच आणून ठेवले. गेल्या पावसाळ्यात गणपतीच्या मखराला जागा हवी म्हणून खोली उघडली, तेव्हा एकूण चौदा मॉनिटर निघाले. कार्यकारिणीच्या बैठकीत विषय दोन मिनिटांत संपत आला होता. कबाडीवाला नगामागे दीडशे रुपये देण्यास तयार होता; एकवीसशे रुपये जमा करून घ्यावेत आणि खोली मोकळी करावी, असा ठराव जवळजवळ लिहून झाला होता. मी हात वर केला आणि म्हणालो, ‘जरा थांबा.’ कारण नेमक्या अशाच एका ठरावावर मी पूर्वी एकदा सही केली होती.

ती हकीकत सन २००९ ची. मी तेव्हा ज्या कार्यालयात होतो, तेथे जुन्या सामानाच्या निर्लेखनासाठी समिती नेमली गेली. सरकारी भाषेत तिला कंडेमनेशन बोर्ड म्हणतात. सामान टाकून द्यायचे तर ते आता कामाचे उरलेले नाही, असे त्या समितीच्या तीन सभासदांनी लिहून द्यायचे होते. त्या तिघांत मी एक होतो. तळघरात जुन्या पद्धतीचे, मागे मोठे पोट असलेले एकशे साठ मॉनिटर रचलेले होते. धूळ इतकी होती, की आम्ही दारातूनच पाहिले. एकही मॉनिटर कोणी वीज जोडून पाहिला नाही. वर आलो, चहा झाला, आणि कारकुनाने तयार ठेवलेल्या यादीखाली आम्ही सह्या केल्या. प्रत्येक नगापुढे एकच वाक्य होते : ‘दुरुस्ती आर्थिकदृष्ट्या परवडणारी नाही.’ हिशेब कोणीच केलेला नव्हता. पुढे लिलाव झाला, सर्वाधिक बोली बोलणाऱ्याला माल गेला, रक्कम खजिन्यात जमा झाली. कोणी एक पैसा खाल्ला नाही. लेखापरीक्षणात एकही आक्षेप निघाला नाही.

त्याच वर्षी एप्रिल-मे महिन्यांत लोकसभेची निवडणूक होती. दिल्लीचे मतदान ७ मे रोजी झाले. आम्हां केंद्रीय कर्मचाऱ्यांना निवडणुकीचे काम लागते, हे आपण जाणताच. मला यमुनापार सीलमपूर भागातले केंद्र मिळाले. आदल्या दिवशी सायंकाळी जागा पाहून ठेवावी म्हणून गेलो आणि एका गल्लीत वाट चुकलो. दोन्ही बाजूंना संगणकांचे सांगाडे, तारांचे भारे, प्लास्टिकच्या खोक्यांचे ढीग. एका ओट्याशी अकरा-बारा वर्षांचा मुलगा बसला होता. तो मॉनिटरच्या काचेच्या नळीची मान हातोडीच्या एका ठोक्याने उडवी, मानेभोवतीचे तांब्याच्या तारेचे वेटोळे ओढून काढी आणि उरलेली नळी मागे भिरकावी. त्याच्या बाजूला काढून टाकलेल्या प्लास्टिकच्या पाठी पडल्या होत्या. त्यांतल्या एकीवर पांढऱ्या रंगात अक्षरे दिसली. आमच्या कार्यालयाची आद्याक्षरे, वर्ष आणि मालमत्ता क्रमांक. हस्ताक्षर आमच्याच भांडारातल्या कारकुनाचे होते. त्याचा तिरका सात मी शंभर फायलींवर पाहिला होता.

मी त्या मुलाला विचारले, ‘इस काँच का क्या करते हो?’ त्याने मान वर न करता हाताने मागचा नाला दाखविला.

मी तेथून निघून आलो. दुसऱ्या दिवशी माझे काम नियमाप्रमाणे केले. तक्रार करावी तर कोणाविरुद्ध? विकणारे आम्ही, घेणारा कायदेशीर बोलीदार, आणि यादीखाली सही माझी. तेव्हापासून ‘परवडत नाही’ हे शब्द लिहिताना माझा हात थबकतो. कोणाला परवडत नाही, हा प्रश्न त्या मुलाने माझ्यापुढे ठेवला आहे.

आता त्या काचेत असे काय असते, ते सांगतो. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी सन १८९७ मध्ये ज्या प्रकारची निर्वात नळी तयार केली, तिचीच वंशज म्हणजे जुन्या दूरचित्रवाणी संचातली आणि मॉनिटरमधली चित्रनळी. मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटतो, पुढच्या काचेच्या आतील लेपावर आदळतो आणि चित्र उमटते. रंगीत नळीत हे घडविण्यास पंचवीस हजार व्होल्टांच्या आसपास दाब लागतो, आणि त्यातून अल्प प्रमाणात क्ष-किरण निर्माण होतात. ते पाहणाऱ्यापर्यंत पोचू नयेत म्हणून नळीच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत शिसे मिसळलेले असते. एका मॉनिटरच्या नळीत आकारमानाप्रमाणे साधारण एक ते दोन किलो शिसे भरते. नळी अखंड आहे तोवर ते काचेत बंदिस्त असते. वर्षानुवर्षे समोर बसणाऱ्यालाही त्याचा उपद्रव नाही. परंतु काच फोडली, तिचा चुरा झाला, ती नाल्यात आणि कचऱ्यात पडली, की शिसे धुळीत आणि पाण्यात उतरू लागते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला विशेष घातक; त्याची अमुक मात्रा निर्धोक, असे वैद्यकशास्त्र मानत नाही. त्या ओट्यावरच्या मुलाला दिवसाकाठी काय मिळत होते, याचा हिशेब आमच्या यादीत कोठेच नव्हता.

नंतर आलेले सपाट मॉनिटर या दोषातून सुटले, तरी सर्वस्वी निर्दोष नाहीत. सुमारे दहा-पंधरा वर्षांपूर्वीपर्यंतच्या बहुतेक सपाट पडद्यांमागे प्रकाशासाठी पेन्सिलीहून बारीक अशा नळ्या बसविलेल्या असत. त्यांत थोडा पारा असतो. पुढे त्यांची जागा एलईडी दिव्यांनी घेतली आणि पारा गेला. या सर्वांच्या पोटातल्या हिरव्या पट्ट्या, म्हणजे सर्किट बोर्ड, त्यांचीही एक वाट आहे. पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मुरादाबाद शहरी असे बोर्ड गोण्यांनी जात आले आहेत. तेथे रामगंगेच्या काठी ते जाळून, आम्लात बुडवून तांबे आणि किंचित सोने काढण्याचा धंदा चालत आला आणि त्याची राख नदीकाठी साचली. म्हणून मी हे स्पष्ट सांगू इच्छितो, की कबाड्याला देणे म्हणजे पुनर्प्रक्रिया नव्हे. कबाडीवाला दुष्ट नाही. तो गरीब आहे, आणि जे विकले जाते तेवढेच काढून घेतो. शिशाच्या काचेला गिऱ्हाईक नाही. एके काळी जुन्या नळीची काच वितळवून नवी नळी करीत. नळ्यांचे कारखाने बंद झाले आणि तीही वाट मिटली.

कायदा याबाबतीत उशिरा, पण आला. ई-कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम सन २०११ मध्ये निघाले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. सन २०१६ मध्ये ते बदलले. त्यांतही घाऊक वापर करणाऱ्यांमध्ये केंद्र व राज्य सरकारच्या कार्यालयांचा नाव घेऊन उल्लेख होता. आता सन २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आहेत. वर्षात एक हजार किंवा अधिक विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरणाऱ्या संस्थेने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्प्रक्रिया करणारा यांनाच दिला पाहिजे, असे बंधन त्यांत आहे. ही नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे होते. आपले मंडळ हजार उपकरणांचे धनी नाही, तेव्हा ते बंधन आपणांस लागू होत नाही. पण जे सरकारने माझ्याकडून २००९ साली मागितले नाही, ते मी स्वतःकडून आज मागू शकतो.

मग मोडका मॉनिटर समोर आला असता निवाडा कसा करावा? गेल्या तीन महिन्यांत आम्ही चौघा सभासदांनी हे काम केले. त्यातून मला तीन प्रश्न पुरेसे वाटले.

पहिला प्रश्न : मोडले आहे ते नेमके काय? बिघाड ओळखल्यावाचून निर्लेखन करू नये. प्रथम दुसरी वीजतार आणि दुसरी चित्रतार लावून पाहावी, मॉनिटर दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावा. अडॅप्टर वेगळा असेल तर तोच गेलेला असणे संभवते. मात्र त्याच्या जागी तितक्याच व्होल्टचा अडॅप्टर लावावा. दिवा लागतो पण पडदा काळा दिसतो, अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्यावर तिरपी बॅटरी मारावी. अंधुक चित्र दिसले, तर पडदा शाबूत आहे आणि केवळ मागचा उजेड गेला आहे. मॉनिटर चालू होऊन लगेच विझतो, किंवा चालू होण्यास फार वेळ घेतो, तेव्हा पुष्कळदा वीजपुरवठ्याच्या बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले असतात. दोन-तीन सुटे भाग बदलले की तो मॉनिटर पुन्हा वर्षे काढतो. परंतु पडद्याला तडा गेला असेल, तर तो पडदा म्हणजेच मॉनिटरच्या किमतीचा मोठा भाग; तेथे दुरुस्तीचा हट्ट धरू नये. एक इशारा अत्यंत अगत्याचा आहे : पोटाचा जुना मॉनिटर घरी कधीही उघडू नये. वीज काढल्यावरही त्याच्या नळीत जीवघेणा विद्युतभार साठून राहिलेला असू शकतो.

दुसरा प्रश्न : दुरुस्तीनंतर तो वापरणार कोण? नुसते चालू करून पुन्हा अडगळीत ठेवणे ही दुरुस्ती नव्हे.

तिसरा प्रश्न : टाकायचाच ठरला, तर तो कोणाच्या हातात जाणार, आणि त्या हातांनंतर कोठे? माझ्या २००९ च्या यादीत हा प्रश्न नव्हता.

या तीन प्रश्नांनिशी आम्ही चौदा मॉनिटर तपासले. पाच पोटाचे, नऊ सपाट. नऊ सपाटांपैकी दोघांना काहीच झाले नव्हते; एकाची तार आणि एकाचा अडॅप्टर तेवढा गेला होता. उरलेले सात आम्ही नेहरू प्लेसच्या बाजारात एका वयस्क मिस्त्रींकडे नेले. त्यांनी प्रत्येकाची पाठ उघडून पाहिली आणि अर्ध्या तासात वर्गवारी सांगितली. चारांचे कपॅसिटर फुगलेले. साडेचारशे रुपये नगाप्रमाणे नीट होतील. दोघांचे पडदे तडकलेले, ते सोडा. एकाच्या मागच्या उजेडाच्या नळ्या संपलेल्या. त्यावर ते म्हणाले, ‘साहब, कर तो दूँगा, मगर आपके पैसे का काम नहीं है.’ स्वतःचे काम नाकारून खरे सांगणारा कारागीर भेटणे ही भाग्याची गोष्ट. एकशे साठ नगांसाठी आमच्या बोर्डाला असा एक माणूस सोबत नेता आला असता.

खरा वाद झाला तो पोटाच्या मॉनिटरांवर. पाचांपैकी तीन मृत होते. दोन मात्र वीज जोडताच स्वच्छ चित्र दाखवू लागले. कार्यकारिणीतले एक ज्येष्ठ काका कळवळून म्हणाले, ‘अहो, चालती वस्तू मारायची? संगणक वर्गात माझी नात याच्यावरच मराठी टंकलेखन शिकली.’ त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. पण दुसरी बाजूही मांडणे भाग होते. असा सतरा इंची मॉनिटर ऐंशी वॅटच्या आसपास वीज घेतो. आजचा एलईडी मॉनिटर वीसच्या आसपास. रोज आठ तास आणि वर्षाचे अडीचशे दिवस धरले, तर एका मॉनिटरमागे एकशे वीस युनिट जास्त जातात. जे जुने ते जपावे, हा नियम सरसकट लावता येत नाही. दोन बैठका झाल्या. शेवटी जुन्या काळचे संगणकीय खेळ जमविणाऱ्या आपल्याच एका तरुण सभासदाने एक मॉनिटर हौसेने मागितला. तो क्वचितच चालवील. नको झाल्यावर मंडळाकडे परत करीन, कबाड्याला देणार नाही, असे त्याने लिहून दिले. दुसऱ्याला कोणी धनी मिळाला नाही. काकांनी स्वतः त्याची धूळ पुसली आणि तो टेम्पोत चढविला.

असे सात मॉनिटर वाचले आणि सात गेले. गेलेले सात आम्ही केंद्रीय मंडळाच्या यादीत नाव तपासून एका नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोचविले, आणि नगवार पावती घेतली. कोणत्याही नळीची मान फोडलेली नव्हती, हे आम्ही माल उतरताना पाहून घेतले.

आता जमाखर्च. मी सरकारी नोकर असल्यामुळे तो लपविणार नाही. दुरुस्तीस अठराशे, तार व अडॅप्टर यांस पाचशे, टेम्पोस नऊशे, असा बत्तीसशे रुपये खर्च झाला. कबाड्याचे एकवीसशे बुडाले. म्हणजे मंडळाला पाच हजार तीनशे रुपयांचा फरक पडला. त्याच्या मोबदल्यात सहा सपाट मॉनिटर चालू झाले. दोन ग्रंथालयात आणि चार संध्याकाळच्या अभ्यासिकेत बसविले आहेत. नवे सहा घेतले असते, तर छत्तीस हजारांच्या घरात गेलो असतो. तेव्हा ‘दुरुस्ती परवडणारी नाही’ हे वाक्य या खेपेस हिशेबाअंती खोटे ठरले. जे सात गेले, त्यांच्यापुरते ते खरे ठरले. पण तेही तपासून, मगच लिहिले.

भगिनींनो आणि बंधूंनो, आपण घर सोडून दूर आलेली माणसे. दर तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम येतो आणि सामान बांधताना ‘हे न्यायचे की टाकायचे’ हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. आपल्या आयांनी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली. कल्हईवाला दारात आला की घरातली पितळी भांडी अंगणात मांडली. त्या काळी टाकलेल्या वस्तूत फारसे विष नसे. चिंधी मातीत कुजून जाई. आजची वस्तू तशी कुजत नाही. ती आपल्या घरातून निघते आणि दुसऱ्या कोणाच्या ओट्यावर जाऊन फुटते. म्हणून आपल्या आयांपेक्षा आपली जबाबदारी एका पायरीने अधिक आहे. त्यांना नीट जपावे लागे. आपल्याला नीट टाकावेही लागते.

एक व्यावहारिक शंका नेहमी विचारली जाते, तिचे निरसन करून थांबतो. ‘आमची खाजगी माहिती त्यात असेल’ या भीतीने पुष्कळ घरी मॉनिटर माळ्यावर पडून असतात. मॉनिटरमध्ये आपले कागद साठत नाहीत. ते संगणकाच्या डिस्कमध्ये असतात. तेव्हा ती भीती मनातून काढावी. तसेच डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले आहे. उत्पादकांनी दुरुस्तीची माहिती ग्राहकाला द्यावी, हा त्यामागील हेतू. त्याचा लाभ जरूर घ्यावा.

माझी कार्यकारिणीला एक विनंती आहे. ग्रंथालयामागील खोलीचा एक कोपरा याच कामासाठी राखून ठेवावा. वर्षातून एकदा, गणेशोत्सवापूर्वी, सभासदांनी घरचे बिघडलेले मॉनिटर तेथे आणावेत. आम्ही चौघे ते तपासू, मिस्त्रींना दाखवू आणि प्रत्येक नगापुढे कारण लिहू. त्या वहीचा पहिला पानभर मजकूर मी लिहून आणला आहे. चौदा नगांपुढे चौदा वेगवेगळी कारणे आहेत, आणि त्याखाली माझी सही आहे. सीलमपूरच्या त्या मुलाचे वय आज सत्तावीस-अठ्ठावीसच्या पुढे असेल. तो कोठे आहे, हे मला कधी कळणार नाही. पण या वहीवर सही करताना माझा हात थबकला नाही, एवढे आपणांस सांगावेसे वाटले.